आक्कांची माळ : एका वारकरी घरात आलेल्या कर्करोगाचा प्रकरण अभ्यास

मी मुंबईतल्या एका रुग्णालयात कर्करोग विभागात वैद्यकीय समाजसेविका आहे. पैसे कुठून येणार, राहणार कुठे, गावाकडं कोण बघणार आणि पेशंट मध्येच निघून गेला तर का गेला, हे बघणं माझं काम. हे प्रकरण 2022 ते 2024 या काळातलं आहे. नावं आणि गाव गाळलंय. नात्यानं जसं मी त्यांना हाक मारायचे तसंच इथं लिहिते.

आक्का 58 वर्षांच्या. मंगळवेढा तालुक्यातल्या, म्हणजे ज्वारीच्या कोठारातल्या. सहा एकर काळी जमीन, दोन म्हशी. नवरा, म्हणजे आबा, आणि आक्का दोघंही माळकरी. थोरला मुलगा शेती बघतो, धाकटा चाकणला कंपनीत आहे, मुलगी करमाळ्याकडं दिलेली. घरात रोज दिवेलागणीला हरिपाठ, एकादशीला कडक उपवास, आषाढीला आळंदीपासून पायी वारी. आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ मिसरी. मुंबईकडं मशेरी म्हणतात तीच. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, पूड करायची आणि बोटानं हिरड्यांना चोळत बसायचं. आक्कांना नवव्या वर्षी दाढदुखीवर त्यांच्या आईनं ती लावली होती. माळ घालताना मांस-मच्छी, दारू सुटते. पण मिसरी कुणाच्या डोक्यातच येत नाही, कारण बायका तिला व्यसन म्हणतच नाहीत, दात घासणं म्हणतात.

आजार कसा लक्षात आला

2022च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये डाव्या गालात आतून, मिसरी जिथं साठायची नेमक्या तिथंच, जखम झाली. दुखत नव्हती, फक्त तिखट झोंबायचं. एप्रिलमध्ये जवळच्या एका डॉक्टरांनी उष्णता म्हणून गोळ्या आणि लावायचं मलम दिलं. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर तिचा तुकडा तपासायला हवा, एवढं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तीन-चार महिने वाचले असते.

मेपर्यंत तोंड नीट उघडेना. थोरल्या सुनेला कळलं होतं, कारण आत्या, म्हणजे तिच्या सासूबाई आक्का, भाकरी आमटीत भिजवून गिळायला लागल्या होत्या. पण आक्का म्हणाल्या, वारी होऊ दे, मग बघू. 2020 आणि 2021 अशी दोन वर्षं कोरोनामुळं पायी वारी झाली नव्हती. पालख्या एसटीनं पंढरपूरला नेल्या आणि वारकरी घरात बसून राहिले. दोन वर्षांची ती तळमळ ज्यानं पाहिलीय त्याला आक्कांचा हट्ट कळेल. 21 जूनला माउलींची पालखी आळंदीहून निघाली, त्यात त्या होत्या.

वारीपायी उशीर झाला हे खरं. पण आजार पहिल्यांदा ओळखला गेला तोही वारीतच. वाटेत एका मुक्कामी मोफत दंततपासणी चालली होती. दिंडीतल्या एका बाईची दाढ दाखवायला आक्का सोबत गेल्या आणि तिथल्या दातांच्या डॉक्टर मुलीनं त्यांनाही तोंड उघडायला सांगितलं. बोटं दोनच शिरत होती. तिनं चिठ्ठी लिहिली, 'ताबडतोब तुकड्याची तपासणी', आणि आक्कांचा हात धरून म्हणाली, "आजी, हे थांबवू नका." आक्कांनी चिठ्ठी बुक्क्याच्या पुडीसोबत पिशवीत ठेवली, 10 जुलैला आषाढी केली, बारस सोडली आणि घरी आल्यावर ती चिठ्ठी आबांच्या हातात दिली.

जुलैअखेर सोलापुरात तुकडा काढला. 'चाकू लागला की पसरतो' हे भावकीतल्या दोघातिघांनी सांगून झालंच होतं. तपासणीसाठी तुकडा घेतल्यानं हा कर्करोग पसरत नाही. पसरतो तो वाट बघण्यात. अहवाल आला आणि ऑगस्टमध्ये सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं आबा, थोरला मुलगा आणि आक्का मुंबईला आले.

सांगायचं की नाही

पहिल्या भेटीत थोरल्यानं मला बाजूला घेतलं. "ताई, आईला फक्त गाठ हाय म्हणून सांगितलंय. कॅन्सर म्हणू नका, हाय खाईल." दहातली आठ घरं मला हेच सांगतात, आणि मायेपोटीच सांगतात. मी त्याच्याशी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "आईला काय माहिती असेल असं वाटतं?" तो गप्प झाला.

सीटी स्कॅनमध्ये जबड्याच्या हाडापर्यंत आजार गेलेला दिसला. टप्पा चौथा, त्यातला 'अ'. 'चौथी स्टेज' ऐकून थोरला माझ्या टेबलापाशी खाली बसला. इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण या एका शब्दानं माणसं परत गावाला निघून जातात. तोंडाच्या कर्करोगात हाडाला आजार लागला की तो चौथ्या टप्प्यात मोजतात. तो फुप्फुसात किंवा यकृतात गेला नसेल, आणि शस्त्रक्रियेनं पूर्ण काढता येण्याजोगा असेल, तर उपचार बरं करण्याच्या हेतूनंच होतात. खात्री कुणी देत नाही. पण 'आता काही उरलं नाही' असा त्या आकड्याचा अर्थ नव्हे. सर्जननी कागदावर जबडा काढून थोरल्याला हे दाखवलं. तो कागद त्यानं घडी घालून खिशात ठेवला.

त्यानंतर आक्कांशी बोलणं झालं. मी विचारलं, "आक्का, इथं कशासाठी आणलंय असं वाटतं?" त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. म्हणाल्या, "बाई, मला हरिपाठ वाचता येतो. दारावरची पाटी वाचता येत न्हाई व्हय?" पाटीवर 'कर्करोग' असं ठसठशीत लिहिलेलं. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून त्या गप्प होत्या आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून घरचे गप्प होते. आबा खिडकीकडं तोंड करून रडले. त्या दिवसापासून मात्र त्या घरात प्रत्येक कागद आक्कांसमोर वाचला गेला, आणि पुढच्या सगळ्या गोष्टी सोप्या झाल्या त्या यामुळंच.

दुसरं एक त्यांच्या मनात होतं, ते चार दिवसांनी बाहेर आलं. "कुठल्या जल्माचा भोग हाय हा? काय चुकलं माझं?" मी तंबाखूचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांना ते उत्तर पुरलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

माळ

इथं चूक माझी आहे. शस्त्रक्रिया 14 सप्टेंबरला ठरली. डाव्या गालाचा भाग आणि जबड्याचं हाड काढायचं, मानेतल्या गाठी काढायच्या आणि छातीवरचा मांसल भाग फिरवून गाल पुन्हा भरायचा. तयारीची यादी वाचून दाखवताना मी रांगेतल्या सगळ्यांना सांगते तसं आक्कांनाही सांगितलं, "गळ्यातलं सगळं काढून घरी ठेवायचं." दुसऱ्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांकडं तपासणी होती. आक्का आल्या नाहीत. फोन केला तर थोरला म्हणाला, "आई म्हणती, माळ काढायची असंल तर आपरेशन नको. गावाकडं जायाचं म्हणती."

तुळशीची माळ एकदा गळ्यात पडली की ती देहासोबतच जायची. चुकून तुटली तरी दुसरी ओवून घालेपर्यंत कितीतरी वारकरी अन्नाला शिवत नाहीत. हे मला ठाऊक होतं. माझी आजी माळकरी होती. तरी रांगेतल्या घाईत ती माळ मी दागिन्यांच्या यादीत टाकली.

मी विचारलं, "तुमच्या घरात कुणाचा शब्द चालतो?" उत्तर आलं, ज्यांच्या हातून माळ घातली त्या बुवांचा. मग बुवांना फोन लावला, स्पीकरवर. गळ्यावर शस्त्रक्रिया का, माळ गळ्यात ठेवली तर काय धोका, हे मी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आक्का, माळ घातली तवा साक्षीला कोण होतं? पांडुरंग. आता उतरवायची ती पण त्याच्याच साक्षीनं. आबांच्या हातात द्या. तुम्ही बेशुद्ध असाल तवर तुमच्या वाटचं नाम आबा घेतील. नाम तुटलं न्हाई, मग माळ कशी तुटंल?"

आणखी एक अडचण होती. तारीख पितृपंधरवड्यात येत होती आणि आक्कांच्या माहेरून फोनावर फोन सुरू होते. बुवांनी तेही एका वाक्यात मिटवलं. "पितर लेकीच्या वाईटावर कशाला असतील?"

शस्त्रक्रिया सात तास चालली. आबा बाकावर बसले होते, एक माळ गळ्यात आणि दुसरी उजव्या मुठीत. सिस्टरनी दोनदा चहा आणला, त्यांनी हात जोडून परत पाठवला. दुसऱ्या दिवशी आक्का शुद्धीवर होत्या. मानेवर टाके, बाजूला नळी, नाकात नळी, बोलता येत नव्हतं. उजव्या मनगटावर सलाइन. डाव्या मनगटावर नंबराचा पट्टा होता आणि त्यावर आबांनी माळेचे तीन वेढे घातले होते. आक्का अंगठ्यानं एकेक मणी पुढं सरकवत होत्या.

सगळेच बुवा-महाराज असे नसतात, हे मला सांगितलंच पाहिजे. अंगारा आणि भारलेलं पाणी यांत सहा-सहा महिने गेलेली माणसं मी याच टेबलासमोर पाहिली आहेत, आणि मग सर्जनना करण्यासारखं काही उरलेलं नसतं. पण घर ज्याचं ऐकतं तो माणूस उपचारांच्या बाजूला आला तर आमचं दहा दिवसांचं समजावणं त्याच्या दोन वाक्यांत होतं. 'घरात कुणाचा शब्द चालतो' हा प्रश्न मी आता पहिल्याच भेटीत विचारते. रेशनकार्डाच्याही आधी.

पैसा, पेरणी आणि नळी

शस्त्रक्रिया आणि रेडिएशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, पुढं ती 5 लाख झाली. आधारवर नावापुढं 'बाई' होतं, रेशनकार्डावर नव्हतं, म्हणून आरोग्यमित्राकडं, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडं, दोन दिवस गेले. पण योजना बिल भरते. प्रवास, खाणं, राहणं आणि बुडालेली मजुरी तिच्यात येत नाही, आणि घरं खचतात ती तिथं. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपरला पूर्ण आणि सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत मिळते, रुग्णालयाच्या फॉर्मवर. तो फॉर्म मागावा लागतो. राहायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. तिथं नाव ऐकूनच आक्कांचा जीव भांड्यात पडला. "पंढरीत पण बाबांची धर्मशाळा, हितं पण बाबांचीच," असं त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. बोलता येईना म्हणून नातवाची पाटी-पेन्सिल आणली होती.

गावाकडं सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे रब्बी ज्वारीची पेरणी. वाफसा कुणासाठी थांबत नाही. थोरला आईजवळ थांबला तर रान पडीक राहणार आणि रानात गेला तर आबा एकटे. दिंडीतल्या लोकांनी बैठक घेतली. तिघांनी मिळून सहाही एकर पेरून दिलं. शेजारणीनं म्हशींच्या धारा घेतल्या आणि दूध डेअरीला घालून हिशेब वहीत लिहिला. दिंडीच्या शिलकीतून 11 हजार आले. धाकट्यानं चाकणहून सुट्टीच्या दिवशी यायचं आणि आबांना झोपू द्यायचं. 'काही लागलं तर सांगा' असं म्हणणारे पुष्कळ होते. इथं कुणी न सांगताच एकेक काम उचललं होतं, म्हणून आधार कुठं ढासळला नाही.

थोरली सून मुंबईला आली ती नाकातली नळी शिकायला. दर दोन तासांनी साधारण 200 मिली, आधी पाणी, मग आहार, मग पुन्हा पाणी. पेशंटला बसवूनच द्यायचं आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. आहाराच्या कागदावर अंडं होतं. माळकरी बाईला अंडं कसं देणार? मग दुधाची पावडर, मुगाच्या डाळीचं घट्ट पाणी, नाचणीची पेज, केळं आणि वर चमचाभर तूप असं बसवलं. पहिल्या दिवशी नळी तुंबली, कारण चहाच्या गाळणीतून कण जातात. दुसऱ्या दिवसापासून तिनं जुन्या मलमलीच्या धोतराचा तुकडा वापरला.

तिनं सुरुवातीला आत्यांची भांडी वेगळी ठेवली होती आणि चार वर्षांच्या नातवाला व्हिडिओवरच दाखवायची. हा रोग उष्ट्यानं, श्वासानं, मांडीवर बसल्यानं लागत नाही, हे मी तिला सांगितलं. त्यावर तिनं विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, नक्की. पुढच्या आठवड्यात नातू धर्मशाळेच्या ओसरीवर आजीच्या मांडीवर होता.

एकादशी

शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं. गावाकडं 'लाइट घेणं' म्हणतात. आक्कांचं ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं. 30 दिवस, आठवड्यातले पाच. चेहऱ्याला आणि मानेला जाळीचा साचा बसवतात, त्यामुळं माळ मनगटावरच राहिली. तिथं किरण पोचत नाहीत.

21 ऑक्टोबरला दिवाळीआधीची एकादशी आली. आक्कांनी दिवसभर नळीतून पाण्याशिवाय काही घेऊ दिलं नाही. संध्याकाळी यंत्राच्या टेबलावरून उतरताना भोवळ आली. वजन आधीच उतरलेलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघतं आणि तेव्हा वजन आणखी घटलं तर साचा ढिला होतो, उपचार थांबवावे लागतात. डॉक्टर रागावले. आक्कांनी पाटीवर लिहिलं, 'चाळीस वर्षात मोडली नाही.' आणि 4 नोव्हेंबरला तर कार्तिकी होती.

मला पुन्हा बुवांना फोन करायचा होता. पण थोरली सून म्हणाली, "ताई, उपास म्हंजे उपाशी राहायचं असं कुठं हाय? उपासाचंच करून घालते की." तिनं राजगिऱ्याची पातळ पेज केली, शेंगदाणे रात्रभर भिजवून, वाटून, त्याचं दूध मलमलीतून गाळलं, म्हशीचं दूध, केळं, साखर आणि तूप घातलं. आहारतज्ज्ञांनी वाटीचं माप घेऊन हिशेब मांडला. रोजच्या आहाराच्या जवळपास बसत होता. 15 वर्षांच्या नोकरीत मला हे सुचलं नव्हतं. कार्तिकीला आक्कांनी एकही वेळ चुकवली नाही. संध्याकाळी धर्मशाळेत आबांनी हरिपाठ लावला तेव्हा विदर्भातले, खानदेशातले, दोन बिहारचे पेशंट टाळ्यांवर ताल धरून होते. आक्कांना म्हणता येत नव्हतं. त्या ओठ हलवत होत्या.

नोव्हेंबरच्या शेवटी तिसावा लाइट झाला. एकही दिवस चुकला नव्हता.

पुढं

श्रद्धेनं आक्का बऱ्या झाल्या असं मी कुणाला सांगत नाही, त्याही सांगत नाहीत. शस्त्रक्रिया आणि 30 लाइट त्यांना पुरते घेता आले, ते त्यांच्या श्रद्धेला जागा करून दिली म्हणून. 'काय चुकलं माझं' हा प्रश्न त्यांनी नंतर मला विचारला नाही. आबांना विचारत असतील तर मला माहीत नाही.

तोंड उघडायला अजून त्रास होतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि रोज थोडं ताणायचं, असा व्यायाम असतो. घरी जाताना 9 काड्या बसत होत्या, सहा महिन्यांनी 17. भाकरी अजून दुधात कुस्करूनच. गालाचा आकार बदलला आहे. पहिले काही महिने त्या पदराआडच असायच्या, मग पदर हळूहळू खाली आला. 2023च्या आषाढीला आळंदीहून चालणं जमलं नाही. सुनेसोबत एसटीच्या अर्ध्या तिकिटात वाखरीला गेल्या आणि आपली दिंडी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. माळ पुन्हा गळ्यात आहे. कातडी सावरल्यावर बुवांनी घरी येऊन घातली.

हा आजार उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून तपासण्या चुकवायच्या नसतात. आतापर्यंतच्या सगळ्या स्वच्छ आल्या आहेत.

रेडिएशन चालू असताना थोरल्या सुनेनं एकदा मला जिन्यात गाठून सांगितलं होतं की तीही मिसरी लावते, लग्नाआधीपासून. तिचं तोंड तपासलं तर उजव्या गालात पांढरा चट्टा होता. तुकडा काढला, त्यात कर्करोग नव्हता. मिसरी तिनं त्याच दिवशी सोडली. पहिला महिना डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, तेव्हा आत्या तिला बडीशेप द्यायच्या. चट्टा फिका झालाय, गेलेला नाही. दर तीन महिन्यांनी दाखवावा लागतो, म्हणून दोघी आता एकाच तारखेला येतात, दोन फायली एका पिशवीत घेऊन. मागच्या खेपेला नंबर आक्कांचा आधी लागला. त्या खुर्चीवरून उठल्या, सुनेला पुढं केलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "आधी हिचं बघा. माझं काय, मी हाय हितंच."